शून्याचा रकाना

— नाही काका, फावडं मिळणार नाही. परवा नाही म्हटलं, सकाळी फोनवर नाही म्हटलं, आता तुम्ही स्वतः चालत आलात, चार वाजताच्या उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून, हातात चुन्याची बादली घेऊन — तरी नाहीच. अहो, शिडीला हात लावू नका, एक पाय आखूड आहे तिचा, शाळेची शिडी आहे ती. तिथं बसा, टाकीच्या सावलीत. आणि काखेत काय आहे ते, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं? ठेवा की खाली. नाही? बरं, राहू द्या काखेत. मला वाटलं, पोरगी देत नाही म्हणून स्वतःच फावडं घेऊन आलात.

तुमची मागणी काय, ते एकदा मीच म्हणून दाखवते, तुम्हाला दम लागलाय. तर, तुमचे वडील, कैलासवासी कारभारी मुकादम, शाळेच्या भिंतीवरच्या या चित्रात खुर्चीवर बसलेत. दुष्काळाचं साल आहे, तलावाचं काम चाललंय, पंचवीस-तीस माणसं खणतायत, टोपली वाहतायत, आणि मुकादम खुर्चीवर — मांडीवर हजेरीपट, डोक्यावर बांबूला बांधलेली छत्री. शाळेतल्या फकरोद्दीन सरांनी तेव्हा तिथं बसून पेन्सिलनं काढलं, तुमच्या बैठकीत लटकलंय, ते असं. पण उद्या एक मे. झेंडावंदन झालं की भिंतीवरचा पडदा सरकणार, परतूरहून पाहुणे येणार, तलावाच्या पन्नाशीचा नारळ फुटणार, आणि शाळा समितीचे अध्यक्ष तातेराव यांचे वडील अख्ख्या गावासमोर बसलेले दिसणार. बरं दिसत न्हाई. म्हणून त्यांना उठवायचं. खुर्ची पुसायची, छत्री उडवायची, हातात फावडं द्यायचं. आणि मी नाही म्हटलं तर ही बादली, भिंत पांढरी, उद्या तिच्यावर ‘सुस्वागतम्’. बराबर? बराबर.

तुम्ही एकटेच नाही हो, वाईट वाटून घेऊ नका. महिनाभर या शिडीवर आहे मी, रोज एक जण येतो. वसंता आला — माझा आजोबा एवढा वाळका कसा काढला, छाती भरून काढ की जरा. मी म्हटलं दादा, दुष्काळ होता, रेशनच्या मिलो ज्वारीची भाकर खाऊन छाती भरत असती तर दुष्काळ कशाला म्हटलं असतं? तर म्हणे पैलवान होता तो. मग असेल, पाऊस पडल्यावर. दुसरं कुणी आलं, टोपीच्या जागी फेटा पाहिजे. एका बाईंना त्यांच्या सासूच्या अंगावरचं फाटकं लुगडं पटेना, काठ तरी दाखव म्हणाल्या, चांगला रुंद. मी सगळ्यांना एकच सांगितलं, तुम्हालाही तेच सांगते — मी काढत नाहीये काही. मी उतरवून घेतेय.

फरक आहे. काढणं वेगळं, उतरवणं वेगळं. तुम्हाला तर कळायला पाहिजे, काका, तुम्ही मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढली. नकाशा मोठा करताना काय करत होता? चौकोन पाडत होता ना? मग! तेच हे. तुमच्या घरी फ्रेमच्या काचेवर स्केचपेननं रेघा मारल्या मी — हो, त्याच, ज्यांच्यावरून दैवशाला काकूंनी मला दोन दिवस चहा विचारला नाही — दीड-दीड इंचाचे चौकोन. आडवे बारा, त्यांना आकडे. उभे आठ, त्यांना अक्षरं. क, ख, ग, घ, च, छ, ज, झ. त्याचा फोटो काढला, वाटूर फाट्यावर मोठी झेरॉक्स करून आणली. मग इथं भिंतीला सुतळी लावली, नीळ फासलेली, दोन्ही टोकं खिळ्यांना ताणून — मध्ये चिमटीत धरून उचलायची आणि सोडायची, फट्, की सरळ निळी रेघ. तिकडचा दीड इंच म्हणजे इकडचा एक फूट. झालं. आता एका वेळी एकच चौकोन बघायचा, बाकीची झेरॉक्स झाकून टाकायची. नाक काढायचं नाही, डोळा काढायचा नाही, मुकादम तर काढायचाच नाही. चौकोनात काळं किती, पांढरं किती, रेघ कुठून शिरते, कुठून बाहेर जाते, तेवढंच. कारण काय होतं, डोकं म्हणालं ‘हे नाक’, की हात आपल्याला माहीत असलेलं नाक काढून मोकळा होतो. समोरचं राहतं बाजूला. कॉलेजात आमच्या बाई चित्र उलटं टांगायला लावायच्या त्यासाठी. तुमच्या वडलांना मी दोन दिवस तीन-ग म्हणूनच ओळखत होते. काळी वेलांटी, खाली पांढरा ठिपका. नंतर शिडीवरून उतरून लांब जाऊन बघितलं तेव्हा कळलं, अरे, ही मिशी आहे. आणि मिशीचा मालक बसलाय.

तेव्हा तक्रार माझ्याकडं करू नका. फकरोद्दीन सरांकडं करा, ते हसनाबादच्या कब्रस्तानात आहेत. चौकोनाला कुणाचा मुलगा अध्यक्ष आहे हे कळत नाही. चौकोनाला जात नाही, गोत नाही, भावकी नाही, समिती नाही. मोजणीला गेल्यावर तुम्हाला कुणी म्हटलं असतं, तातेराव, बांध तेवढा दोन हात सरकवा, नकाशात बरं दिसत न्हाई — तर सरकवला असता?

...उपरण्यानं तोंड पुसताय. म्हणजे एखाददुसरा सरकवलाय.

हसू नका, मी चेष्टा करत नाहीये. बरं, करतेय. पण मला एक सांगा, बसले होते तर बसले होते, त्यात एवढं काय? कुणीतरी बसल्याशिवाय हजेरी लागते का? पन्नास वर्षं तुमच्या बैठकीत ते चित्र लटकलेलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्हीच दाखवत होता — हे बघा आमचे वडील, दुष्काळात अख्खं गाव जगवलं. तेव्हा खुर्ची दिसत नव्हती? फ्रेममध्ये होती तोवर खुर्ची म्हणजे मान, आणि भिंतीवर आली की खुर्ची म्हणजे लाज. आठ फुटांचं झालं की सगळंच दिसायला लागतं, नाही? मोठ्या माणसांचं हेच आहे. आम्हाला लहानपणापासून सांगायचं, खरं बोल, खरं बोल. आणि पोरगी एकदा खरं बोलायला शिडीवर चढली की खालून बादली घेऊन यायचं. पोरी, तुला काय कळतं, तू कालची. हो, कालचीच आहे. तासिकेवरची बाई आहे, जूनमध्ये तुम्ही सही केली नाहीत तर घरी बसेन. माहीत आहे मला, ते सांगायची गरज नाही. सांगितलं नाहीत, खरं आहे. पण सकाळी फोनवर ‘जूनचं बघू मंग’ म्हणालात ते काय पावसाबद्दल होतं?

काय? काय मोजताय?

मोजा की. तुमची सवय आहे ती. एक, दोन... भिंतीला बोट लावू नका, रंग ओला आहे तिकडं. ... हो. तेरा. तेरा आहेत. बारा नाहीत, तेरा, मला माहीत आहे, मीच आखलेत. भिंत साडेतेरा फूट आहे काका. बाराच केले असते तर दीड फूट नुसती पांढरी राहिली असती, वाईट दिसलं असतं, म्हणून डावीकडं एक रकाना जास्त घेतला. एक ते बारा आधीच टाकून झाले होते, एकच्या डावीकडं काय लिहिणार? शून्य लिहिलं. शून्याचा रकाना. रिकामी जागा भरायला. सजावट म्हणा.

सजावटीत बाई कुठून आली म्हणता?

बघा, म्हणजे वडलांची खुर्ची तुम्हाला दिसते, आणि ही एवढी आठ फुटांच्या भिंतीवरची, डोक्यावर टोपलं घेतलेली बाईपण दिसली एकदाची. बरं झालं. मला वाटलं होतं, कुणालाच दिसणार नाही. आयुष्यभर दिसली नाही, एका महिन्यात कशी दिसेल. ती माझी आजी आहे. गिरिजाबाई. ओळखता तुम्ही, ओळखत नाही म्हणू नका, आमच्या विहाराच्या पलीकडचं तिसरं घर, तुमच्या शेतात सोळा वर्षं खुरपलंय तिनं.

हो. फ्रेममध्ये नाही ती. कबूल. झेरॉक्समध्ये नाही, काचेत नाही, बारा गुणिले आठ शहाण्णव चौकोनांत कुठंही नाही. मीच टाकली. झालं? घ्या, सापडले मी. खरं-खोटं, चौकोन, मिशी, एवढं भाषण दिलं आणि स्वतःच एक रकाना घुसवला — म्हणा, म्हणा, तोंडावर आलंय तुमच्या. पण ऐकून घ्या आधी, मग म्हणा.

ती होती तिथं. सोळा वर्षांची होती, लग्न होऊन चार महिने. लहानपणापासून ऐकतेय मी — ‘पोरी, म्या हाय त्या चित्रात. सरांनी काढलं मला. डाव्या अंगाला.’ आमच्या आळीत हा विनोद होता, काका. कुणी नवीन पाहुणी आली की बाया म्हणायच्या, गिरिजे, सांग की तुझ्या फोटूचं. आणि ती सांगायची! दर वेळी! सरांनी कसं तिच्याकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. हलू नको बाई, म्हणाले. बाया पदरात तोंड घालून हसायच्या. मुकादम वारले तेव्हा गेल्ती ती तुमच्याकडं, आठवतं? ओसरीवरूनच, दारातूनच बघितलं तिनं, भिंतीवर हार घातलेला फोटो आणि शेजारी ते चित्र. मी होते बरोबर, नऊ वर्षांची. ती चित्राकडं बघत राह्यली, डावीकडं, डावीकडंच. मी म्हटलं आजी, तू कुठंय? तिनं माझा हात धरला आणि घराकडं चालायला लागली. त्यानंतर कुणी विचारलं तरी सांगायची नाही. आळीतला विनोद बंद पडला.

तर मी टाकली. मला काय वाटलं माहीत आहे? सरांनी काढलं असेल आणि पुसलं असेल. किंवा काढतो म्हणून राहून गेलं असेल. म्हातारी खोटं बोलत नाही, चिडकी आहे, हट्टी आहे, माझ्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवते, पण खोटं नाही. शाळेनं भिंतीचं विचारलं तेव्हा मी एका पायावर हो म्हटलं ते तलावासाठी नाही. तुमचा तलाव काय, मार्चमध्ये आटतो. रंगाचा खर्च फक्त द्या म्हटलं, बाकी काही नको, आणि तुम्हाला वाटलं, बघा काय समाजसेवक पोरगी आहे. मी त्या एका रकान्यासाठी महिनाभर उन्हात उभी आहे. बाकीचे शहाण्णव चौकोन हे त्या आठ चौकोनांचं भाडं समजा.

आणि एवढं करून, म्हातारीला सांगितलं परवा — आजी, भिंतीवर घेतलं तुला, डोक्यावर टोपलं दिलंय, ताठ उभी केलीय, सगळ्यांच्या पुढं. वाटलं, रडेल बिडेल. तर म्हणाली, ‘टोपलं? बरं.’ बस. एवढंच. जसं काही मी मीठ कमी टाकलं. मंग थोड्या वेळानं — ‘हात वर हाय का माझा?’ म्हटलं हो, दोन्ही हात वर आहेत, टोपलं धरायला. तर म्हणे, ‘एकच.’ एकच काय? ‘एकच हात वर होता.’ अहो, पन्नास वर्षांनी भिंतीवर जागा मिळतेय आणि हिचं काय, तर एकच हात! एका हातानं कुणी भरलेलं टोपलं धरतं का? पण नाही, दुरुस्ती काढलीच पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना कौतुक पचतच नाही. तुम्हाला फावडं जास्त पाहिजे, तिला हात कमी पाहिजे. मी म्हटलं झोप आता.

उद्या येणार आहे ती. नवीन लुगडं काढून ठेवलंय, मी पहिल्या पगारात घेतलेलं, वर्षभर घडी मोडली नव्हती. तेव्हा तुम्ही बादली उचलणार असाल तर आज उचला, आत्ता उचला, तिच्यासमोर नको. पण मग अख्खी भिंत पुसा. वडलांना फावडं आणि तिला चुना, असं चालणार नाही. माझी एक बाई जास्त आहे, मान्य. तुमची एक खुर्ची जास्त नाहीये. ती आहे तिथं. बघा, अजूनही मीच खरी—

काय?

छत्रीचं काय?

दांडी. बांबू. हो, जमिनीत रोवलाय. नाही, चित्रात... चित्रात तो असा नाही. तुम्हाला कसं... मोजणीवाले ना शेवटी. चित्रात बांबू तिरपा आहे. दोन-ख मधून निघतो, दोन-ग, मग एक-घ, आणि तसाच तिरपा डावीकडं कडेबाहेर जातो. खाली येतच नाही. आता छत्री हवेत तरंगते का? कशात तरी रोवली असेल ना! कडेबाहेर दगड असेल, ढिगारा असेल. मला तो रकाना आजीला पाहिजे होता, तिथं बांबू घुसला असता मध्येच, म्हणून मी एक-घ मध्ये त्याला वळवला आणि सरळ खाली जमिनीत घातला. एक रेघ. एकच रेघ मी माझ्या मनानं घेतली, शहाण्णवांत, आणि ती बरोबर सापडली तुम्हाला. पस्तीस वर्षं सरकारनं उगाच पोसलं नाही तुम्हाला.

सोडताय काय ते? काखेतला पेपर. बरं, सोडा. काय आहे ते, दाखवाल तरी... हे चित्र आहे. हे तर मूळचं. फ्रेममधून काढलंत तुम्ही? काच? काकू काय म्हणाल्या? कधी काढलं? ... रविवारी. म्हणजे रविवारी भिंत बघायला आला होतात, तेव्हाच मोजले होते. तेरा. आणि घरी जाऊन फ्रेम उघडली.

द्या इकडं. हात पुसते, थांबा.

हा कागद... हा मोठा आहे. फ्रेममध्ये होता त्याहून मोठा. इथं घडी आहे. डावीकडं. दुमडलेला आहे, तीन बोटं, मागं. काचेच्या आत दुमडलेला. घडीवर कागद पिवळा पडलाय, आतला पांढराच आहे. फ्रेमवाल्यानं? फ्रेमवाला कशाला दुमडेल, फ्रेम कागदाच्या मापानं करतात, कागद फ्रेमच्या मापानं नाही. वडलांनी. तुमच्या वडलांनीच.

उघडू?

...

ही आहे.

ही तीच आहे. नाक तिचं आहे. माझं आहे.

टोपलं नाहीये.

छत्री धरलीय तिनं. बांबूचं टोक तिच्या हातात आहे. एकच हात, वर, पूर्ण ताणलेला — केवढा लांब बांबू आहे हा, एवढा लांब कशाला लागतो छत्रीला... लांब उभी केलीय तिला. छत्री मुकादमाच्या डोक्यावर आणि ही दहा हात लांब. म्हणून तिरपा. मी महिनाभर विचार करून राह्यले, सरांसारखा माणूस बांबू तिरपा कसा काढेल. सावली तिच्यावर नाहीच. डोळे बघा कसे मिटलेत उन्हानं. दुसऱ्या हातात पदर. दिवसभर, काका? दिवसभर? मान हलवू नका नुसती, बोला — तुम्ही बघितलं होतं? वडलांचा डबा घेऊन जात होतात तुम्ही, मला माहीत आहे, तुम्हीच भाषणात सांगता. तेव्हा बघितलं होतं?

...बघितलं होतं.

म्हणून फावडं. आत्ता कळलं. खुर्ची गेली, छत्री गेली, की बांबू जातो. बांबू गेला की तो कुणाच्या हातात होता हा प्रश्नच राहत नाही. तुमचे वडील खणणारे, माझी आजी टोपलं वाहणारी, सगळे कष्टाळू, सगळे सारखे, वरून नारळ. माझ्यासाठीपण म्हणता? तिच्यासाठी? तिला उद्या चार माणसांत कशाला लाज — असं? किती विचार करता हो तुम्ही दुसऱ्यांचा. तुमच्या वडलांनी तीन बोटं दुमडली, तुम्ही अख्खी भिंत दुमडायला निघालात. आणि मी... मी तुम्हाला हसत होते. तुमचं फावडं आणि माझं टोपलं, एकाच दुकानातलं आहे काका. तुम्ही बसलेल्याला उभं करत होता, मी तिच्या हातातलं काढून दुसरंच दिलं, आणि वरून चौकोनाला जात नसते म्हणून तुम्हाला शिकवलं.

‘एकच,’ म्हणाली. ‘एकच हात वर होता.’ मी म्हटलं, झोप आता.

तिला लाज वाटत नव्हती, काका. कळतंय का? जिला लाज वाटते ती पाहुण्यांना दर वेळी सांगते का, म्या हाय त्या चित्रात? लाज ज्याला वाटली त्यानं कागद दुमडला. ती फक्त म्हणत होती, मी होते. जशी होते तशी होते. आणि आम्ही सगळे, आळीतल्या बाया, तुम्ही, मी डिग्रीवाली...

किती वाजले? साडेचार. उजेड पावणेसातपर्यंत आहे. ऊन आहे भिंतीवर, अर्ध्या तासात वाळेल.

उचला बादली. हो, उचला, तुम्हीच आणलीत ना? ब्रश आहे तिच्यात. मारा चुना. शून्याच्या रकान्यावर, वरपासून खालपर्यंत, आणि एक-घ, एक-च, एक-छ, एक-ज, जिथं मी बांबू खाली वळवला तिथं. बस, तेवढंच. बाकी एका चौकोनाला शिंतोडा उडाला तर बघा. माझ्याकडं नका बघू असं, माझ्या हातानं तिचं तोंड पुसलं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. मारा. ... जरा अजून वर. टोपल्यावरून. ... शिडी मी धरलीय, पडत नाही तुम्ही. ... झालं. पुरे. उतरा.

आता तीन मिनिटं माझं ऐका आणि मग जा. वडील खुर्चीवरच राहतील. छत्री राहील. बांबू जसा आहे तसा तिरपा जाईल, आणि जिथं जातो तिथं जाईल. उद्या पडदा सरकायच्या आधी बोलायचं असेल तर बोला, नसेल बोलायचं तर मधल्या ओळीत बसा, पण ‘सगळ्यांनी मिळून घाम गाळला’ असलं काही म्हणालात तर मी माइक घेईन, जूनचं काय व्हायचं ते होऊ द्या. आणि आजीला आणायला तुमची गाडी पाठवा. पाठवा नाही, तुम्ही स्वतः जा. नऊ वाजता तयार असते ती. पुढच्या सीटवर बसवा. आणि ऊन असेल तर... नाही. छत्री नका नेऊ. तिला विचारा, लागते का.

चित्र ठेवा इथं. नाही, गुंडाळू नका, उघडंच ठेवा, ती घडी मोडू द्या जरा, दगड ठेवते वर. सुतळी? सुतळी धरायची गरज नाही, खिळे आहेत, मी एकटीनंच आखलंय सगळं. पाणी पिऊन जा टाकीचं. काकूंना सांगा, काच मी पुसून देईन.

अजून उभे का? जा म्हटलं ना. आणि बोलू नका आता, मोजतेय मी.

शून्य-घ. बांबूचं टोक, चार बोटं, आवळलेली. शून्य-च. मनगट. बांगडी नाही. शून्य-छ...

एकच हात. हो, आजी. एकच.